घर वाढवताना

॥ श्री गणेशाय नमः ॥



जून महिन्यातल्या भागवत अभ्यासवर्गात मी बोलता बोलता म्हणालो, "आम्ही घर वाढवलं." समोरून लगेच अभिनंदन झालं. एकाने विचारलं, "सनरूम काढलीत की बेसमेंट फिनिश केलंत?" मग खुलासा करावा लागला. आपल्याकडे दुकान बंद करताना दुकान 'वाढवलं' म्हणतात, बांगडी फुटली तरी ती 'वाढली' म्हणतात. त्या अर्थाने आम्ही घर वाढवलं. बत्तीसशे चौरस फुटांचं, चार बेडरूमचं घर, जिथे बावीस वर्षं राहिलो, ते विकून आम्ही दोघं बाराशे चौरस फुटांच्या एकमजली कॉन्डोत राहायला आलो. त्या दिवशी चहाच्या वेळी भागवताबद्दल कोणीच काही विचारलं नाही. जो तो एकच विचारत होता, "डॉक्टर, एवढ्या सामानाचं केलंत काय?" स्मरणिकेच्या संपादकांनी तेच लिहून द्यायला सांगितलं, म्हणून हा प्रपंच.

मी काही शास्त्री-पंडित नाही, हे आपण जाणताच. १९९१ साली मिरजेहून एम.बी.बी.एस. झालो, १९९४ साली रेसिडेन्सीसाठी डेट्रॉइटला आलो आणि तेव्हापासून मिशिगनमध्ये लोकांचे रक्तदाब आणि मधुमेह सांभाळतो आहे. गेली काही वर्षं एकनाथी भागवत वाचतो आणि वाचलेलं वर्गात सांगतो, इतकाच माझा अधिकार. नाथमहाराजांनी श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधावर ही टीका लिहिली आणि शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली, काशीक्षेत्री ती पूर्ण केली. स्वतः पैठणला संसार करून त्यांनी अवधूताची कथा सांगितली, म्हणूनच ती तुमच्या-माझ्यासारख्यांना जवळची वाटते.

ही कथा आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. यदुराजाने एका आनंदी अवधूताला विचारलं, तुझ्याजवळ काहीच नाही, मग तू इतका सुखी कसा? अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले. त्यात पृथ्वी आहे, वारा आहे, अजगर आहे. स्वतःचं घर न बांधता दुसऱ्याच्या बिळात सुखाने राहणारा साप आहे. साठवलेला मध दुसराच कोणी घेऊन जातो, ती मधमाशी आहे. आणि एक कुमारिका आहे, तिच्याबद्दल मला आज बोलायचं आहे.

तिची घरची माणसं बाहेर गेली होती. तेवढ्यात तिला मागणी घालायला पाहुणे आले. त्यांना जेवू घालायचं म्हणून ती आत जाऊन साळी कांडायला बसली. हातातल्या शंखाच्या बांगड्या किणकिणू लागल्या. घरात कांडलेले तांदूळसुद्धा नाहीत, हे बाहेर ऐकू जाणार, म्हणून तिला लाज वाटली. तिने एकेक बांगडी काढली. मूळ संस्कृतात 'फोडली' असंच आहे, पण आपण मराठी माणसं तो शब्द उच्चारत नाही. दोन्ही हातांत दोन-दोन ठेवल्या, तरी आवाज येतच होता. मग आणखी एकेक काढली. प्रत्येक हातात एकच राहिली, तेव्हा आवाज थांबला.

भागवतात याचं तात्पर्य एकांताचं आहे. अनेक जण एकत्र राहिले की भांडण होतं आणि दोघं राहिले की गप्पा होतात, म्हणून साधकाने एकट्याने राहावं, असा उपदेश आहे. मी ती गोष्ट वर्गात निदान चार वेळा सांगितली आहे, पण दर वेळी अपरिग्रहाच्या अंगाने. पतंजलींनी सांगितलेल्या पाच यमांपैकी तो शेवटचा. वस्तू कमी करा, आवाज कमी होईल, असं मी म्हणत असे. ऐकणारे माना डोलावत. त्या वेळी माझ्या बेसमेंटमध्ये एकतीस खोके होते आणि त्यांतल्या निम्म्यांत काय आहे, हे मलाच ठाऊक नव्हतं.

२०२३ च्या गणेशोत्सवाआधी आपल्या उत्सवाच्या मखराचा खोका बेसमेंटमधून वर आणताना माझा पाय घसरला आणि डावं मनगट मोडलं. (मखर शाबूत राहिलं, ही बाप्पाची कृपा.) मी माझ्या रोग्यांना वर्षानुवर्षं सांगत आलो आहे की अमेरिकेत पासष्ट वर्षांवरच्या दर चौघांपैकी एक जण वर्षातून एकदा तरी पडतो आणि त्या वयात इजेने होणाऱ्या मृत्यूंचं पहिलं कारण पडणं हेच आहे. मी अजून पासष्टचा नाही. पण प्लास्टर घातलेल्या हाताने सहा आठवडे घरात वावरताना पायऱ्या मोजल्या. वर-खाली मिळून एकोणतीस भरल्या. सौ.चे गुडघे त्याआधीच कुरकुरत होते. मुलगा सिएटलला, मुलगी बॉस्टनला. चार बेडरूमपैकी दोन तर आम्ही फक्त व्हॅक्यूम करण्यासाठी उघडत होतो. मग २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये घर विकायचं ठरलं.

पहिल्याच शनिवार-रविवारी मी काय केलं, ते सांगायला संकोच वाटतो, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी तीन दिवसांसाठी एक मोठा डम्पस्टर मागवून ड्राइव्हवेवर उभा केला. डॉक्टरी स्वभाव, निर्णय झाला की प्रोसीजर लगेच. सौ. शुक्रवारी कामावर होती. ती यायच्या आत मी बेसमेंटमधले नऊ खोके रिकामे केले. जुन्या कॅसेट, मुलांच्या शाळेतले प्रोजेक्ट, फुटका कुकर, एक कळकट गोधडी. संध्याकाळी मोठ्या अभिमानाने तिला रिकामी झालेली भिंत दाखवली. ती काही बोलली नाही.

रात्री अकराच्या सुमारास पाऊस सुरू झाला. मला जाग आली तर शेजारी ती नव्हती. खिडकीतून पाहिलं, तर बाहेर टॉर्चचा उजेड. ती रेनकोट घालून डम्पस्टरमध्ये उतरली होती. ती गोधडी तिच्या आईने आमच्या मुलीच्या जन्माच्या वेळी शिवली होती. कापड तिच्या आजीच्या लुगड्याचं होतं. ते मला ठाऊक नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

ओली गोधडी घेऊन ती आत आली. मी म्हटलं, "अगं, सांगायचं होतंस." तेव्हा ती अगदी शांतपणे म्हणाली, "आईंचंही सांगलीला असंच केलंत तुम्ही." आणि थोड्या वेळाने, "वर्गात ती बांगड्यांची गोष्ट सांगता. त्या मुलीच्या हातातल्या बांगड्या दुसऱ्या कोणी ओढून काढल्या होत्या का?"

मी त्यावर काही बोललो नाही. ते बोलणं समजायला मला बरेच दिवस लागले.

माझे वडील २००५ च्या एप्रिलमध्ये गेले. त्याच पावसाळ्यात कृष्णेला महापूर आला. सांगलीत गावभागातल्या आमच्या घरात पाणी शिरणार, असं दिसू लागल्यावर आईने शेजारच्या मुलांना हाताशी धरून होतं-नव्हतं ते सगळं माळ्यावर चढवलं. तांब्याचा बंब, पितळेची घंगाळं, लामणदिवे, वडिलांची पुस्तकं, लग्नातली भांडी. नंतर देवांची पेटी मांडीवर घेऊन ती विश्रामबागेत मावशीकडे जाऊन राहिली. पाणी कमरेइतकं चढलं. पाणी ओसरल्यावर ती परत आली आणि सदुसष्टाव्या वर्षी त्या बाईने घरातला चिखल काढला. मी इथून कॉलिंग कार्डावर फोन करत होतो.

जानेवारी २००६ मध्ये मी तिला आणायला गेलो. चौदा दिवसांची रजा. त्यातले चार प्रवासात, दोन मुंबईत व्हिसाच्या कामात. उरले आठ. तेवढ्यात बेचाळीस वर्षांचा संसार आवरायचा होता. मी रोज सकाळी यादी घेऊन उभा राहायचो. "आई, हे तिथे कशाला? तिथे सगळं मिळतं. हे देऊन टाक. हे टाकूनच दे." ती "बरं" म्हणायची. महापुरातून वाचवलेल्या वस्तू मी आठ दिवसांत घराबाहेर काढल्या. एकदाच, बंब उचलायला माणूस आला तेव्हा, ती म्हणाली, "अरे, जरा थांब," आणि आतून हळदकुंकू आणून बंबाला लावलं. मी घड्याळात पाहिलं होतं, हे मला स्वच्छ आठवतं. दोन बॅगा घेऊन ती इथे आली आणि तेरा वर्षं आमच्यात राहिली. त्या आठ दिवसांबद्दल मला एका शब्दाने बोलली नाही. मी समजत होतो की तिला अपरिग्रह साधला आहे.

आई २०१९ साली गेली. खालच्या मजल्यावर तिची खोली होती. त्या खोलीचं दार पाच वर्षं लोटलेलंच होतं. डम्पस्टर मागवणाऱ्या मी त्या खोलीतल्या एका वस्तूला हात लावला नव्हता. वॉकर, कमोडची खुर्ची, औषधांच्या बाटल्या, नऊवारी लुगडी, सगळं जागच्या जागी. आणि कपाटात धुऊन, पुसून, एकात एक रचून ठेवलेले दह्याचे प्लास्टिकचे डबे. मोजले, एकशे अडतीस निघाले. वाचकांपैकी ज्यांच्या आया इथे राहून गेल्या, त्यांना यावर स्पष्टीकरण लागणार नाही.

डिसेंबरमध्ये आम्ही दोघं मिळून ती खोली उघडली. लुगड्यांच्या खाली एक दोनशे पानी वही सापडली. मला वाटलं, जप लिहिलेला असेल. पाहतो तर जानेवारी २००६ ची तारीख आणि खाली यादी. "बंब – समोरच्या वहिनींना. घंगाळ – मावशीच्या सुनेला. मोठी परात – देवळातल्या स्वयंपाकघरात. लामणदिवा एक – धाकट्या जावेला, दुसरा – शाळेच्या बाईंना. पुस्तकं – वाचनालयात." अशा त्रेसष्ट नोंदी. काही नोंदींपुढे नंतर, वेगळ्या शाईने लिहिलेलं. "बंबाची तोटी बदलली, चांगला चालतो." "परात महाप्रसादाला वापरतात." तेव्हा मला तिचे फोन आठवले. इथे आल्यावर दर महिन्या-दोन महिन्यांनी ती सांगलीला फोन लावून विचारायची, "काय गं, बंब तापतो ना नीट?" मी सौ.ला म्हणायचो, आईचा जीव अजून त्या भांड्यांतच अडकलाय.

तिचा जीव त्या माणसांत होता. मी जे आठ दिवसांत 'टाकलं', ते तिने नाव घालून 'दिलं' होतं. वस्तू तिच्या हातून सुटल्या होत्या, संबंध सुटले नव्हते. मात्र तिला वेळ मिळाला असता, तर कदाचित तिने एखादा लामणदिवा सोबत आणला असता. ते आता विचारायची सोय राहिली नाही.

त्या रात्री मी एकादश स्कंध पुन्हा काढला. कुमारिकेची गोष्ट इतक्या वेळा सांगूनही तीन गोष्टी माझ्या नजरेतून सुटल्या होत्या. एक म्हणजे तिने बांगड्या आपल्या हाताने काढल्या. दुसरं, एकदम सगळ्या काढल्या नाहीत; काढायची, ऐकायची, आवाज आहे का पाहायचं, मग पुढची. तिसरं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. शेवटी तिने एकेक बांगडी हातात ठेवली. अवधूताची ही गुरू रिकाम्या हातांची नाही. आवाज थांबला, तिथे ती थांबली. आता मला वाटतं की त्याग किती करायचा, याचं माप ज्याच्या त्याच्या कानाला कळतं. बाहेरून दुसऱ्याने ते ठरवू नये, मुलाने नाही, नवऱ्याने नाही आणि घर विकणाऱ्या एजंट बाईने तर मुळीच नाही. (त्या बाईंनी फोटो काढायच्या वेळी देवघर तेवढं झाकून ठेवायला सुचवलं होतं. सौ.ने त्यांना बसवून चहा दिला आणि नाही म्हणून सांगितलं. घर देवघरासकट विकलं गेलं.)

इथे थोडं डॉक्टर म्हणून बोलतो. नव्या जागी हलवल्यावर वृद्धांना झोप न येणं, भूक मरणं, गोंधळल्यासारखं होणं, हे आम्ही रोज पाहतो. नर्सिंगच्या निदानसूचीत १९९२ पासून त्याला रिलोकेशन स्ट्रेस सिंड्रोम असं नावही आहे. आपला शब्द त्यात नसला, निर्णय दुसऱ्याने घाईत घेतला, तर तो त्रास वाढतो. माझ्या दवाखान्यातलं नेहमीचं चित्र असं. आजोबा पडतात, खुब्याचं हाड मोडतं, ऑपरेशन होऊन ते रिहॅबमध्ये जातात. मुलं चार दिवसांची रजा काढून विमानाने येतात आणि आजोबा रिहॅबमध्ये असतानाच घर रिकामं करतात. मुलं वाईट नसतात. त्यांच्याजवळ रजा नसते. २००६ साली माझ्याजवळही नव्हती. म्हणून आपल्यापैकी जे पन्नाशी-साठीत आहेत, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे की हात चालतात तोवर बांगड्या आपल्या आपण काढायला सुरुवात करा. घर विकायचं नसलं तरी एक कपाट या वर्षी, एक पुढच्या वर्षी. आणि ज्यांचे आईवडील भारतात एकटे आहेत, त्यांनी घर आवरायला जाताना रजा दुप्पट काढा, यादी करायचं काम आईवर सोपवा आणि तिच्यामागे उभे राहून घड्याळ पाहू नका.

आम्ही नंतर कसं केलं, ते आता सांगतो. डम्पस्टर परत पाठवला. सौ.ने एक वही घातली, आईच्या वहीसारखी. नियम एवढाच की जिच्याशी भावना जोडलेली आहे अशी वस्तू नाव लिहिल्याशिवाय घराबाहेर जायची नाही. दर शनिवारी सकाळी दोन तास, त्याहून जास्त नाही, कारण दोन तासांनंतर आम्ही भांडायला लागतो हे अनुभवाने कळलं. आधी गॅरेज, मग बेसमेंट, आठवणींच्या खोल्या शेवटी. जुनी औषधं फार्मसीतल्या पेटीत टाकली. ती बाथरूममधून वाहून जाऊ देऊ नयेत. वॉकर आणि खुर्ची एका चर्चच्या उसनवार भांडारात दिली, तिथून गरजूंना ती फुकट वापरायला मिळतात. कराचं वगैरे आपापल्या सीपीएला विचारा, तो माझा प्रांत नाही.

भांड्यांची मौज झाली. लग्नातल्या स्टीलच्या भांड्यांवर नावं घातलेली असतात, त्यामुळे ती ना टाकवतात, ना परक्याला देववतात. आत्याचं नाव असलेलं ताट कुणाला द्यायचं? सौ.ने युनिव्हर्सिटीत नव्याने आलेल्या मराठी मुलामुलींना जेवायला बोलावलं आणि जाताना प्रत्येकाला एक ताट, दोन वाट्या, एक पेला दिला. आता माझ्या आत्याच्या शुभाशीर्वादाच्या ताटात नागपूरचा एक मुलगा पास्ता खातो. तसा फोटोच त्याने पाठवला. मराठी पुस्तकांतली दोनशेच्या वर आपल्या देवळाच्या कपाटात आली आहेत, ती कृपया वाचायला न्या. वहीत एकूण दोनशे अकरा नोंदी झाल्या. पण खोटं कशाला बोला, उरलेल्या सामानातलं निम्म्याहून जास्त शेवटी ट्रकातच गेलं. मोडक्या टोस्टरला काही नाव लागत नाही.

दह्याच्या डब्यांचं मला वाईट वाटलं. दहा ठेवले, बाकी रीसायकलिंगमध्ये.

सगळ्यांत अवघड गेलं ते देवघर. आमचे लग्नातले अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण, आईच्या पेटीतले देव, वास्तुशांतीला भेट आलेल्या मूर्ती, तिरुपतीचे फोटो, शिर्डीचे फोटो, प्रत्येक दिवाळीत कोणी ना कोणी दिलेला गणपती. एकूण गणपती अकरा, शंख तीन. आता देवाला कमी कसं करायचं? आपल्या गुरुजींना विचारलं, तर ते हसले. म्हणाले, "घरच्या पूजेत दोन शिवलिंगं, दोन शंख, तीन गणपती एकत्र पुजू नयेत असा संकेत शास्त्रातच आहे. पूर्वजांनाही हा प्रश्न पडला असणार." म्हणजे देवघरातली गर्दी ही काही आपल्या बेसमेंटचीच देणगी नाही. गुरुजींनी घरी येऊन उत्तरपूजा सांगितली. गणेशोत्सवात आपण करतो तीच. पूजा करायची, झालं-गेलं चुकलं-माकलं पदरात घ्या म्हणायचं, अक्षता टाकायच्या आणि मूर्ती जागेवरून किंचित हलवायची. दरवर्षी मी ते यांत्रिकपणे करत होतो. या वेळी लक्ष देऊन केलं. आपल्या धर्माने निरोप द्यायचा एक पूर्ण विधी तयार ठेवला आहे. मूर्ती प्रेमाने आणायची, दीड दिवस असो की दहा, मनापासून पुजायची आणि मग हातावर दही ठेवून, शिदोरी देऊन पाठवायची. परत येताना रिकामा पाट आणायचा नाही. विसर्जनाच्या जागची मूठभर माती किंवा वाळू पाटावर घेऊन यायची, अशी आमच्याकडे रीत आहे. लहानपणी कृष्णेच्या घाटावरून ती माती मी आणत असे. आई तिची आरती करायची.

मुलांना आम्ही विचारलं, तुम्हाला काय हवं? मुलीने गोधडी मागितली. ती कशी वाचली, ते आम्ही तिला अजून सांगितलेलं नाही. मुलाला काही नको होतं. कुलस्वामींचे टाक, जेजुरीचा खंडोबा आणि तुळजापूरची भवानी, चार पिढ्यांचे, ते थोरल्या मुलाकडे जातात. मी ते त्याच्यापुढे ठेवले. तो बराच वेळ हातात घेऊन पाहत राहिला आणि म्हणाला, "बाबा, मी रोज पूजा करणार नाही. ड्रॉवरमध्ये ठेवायला मी हे घेणार नाही. इट वुड बी राँग." मला फार लागलं. दोन दिवस मी त्याच्याशी नीट बोललो नाही. मग लक्षात आलं की पुन्हा मीच दुसऱ्याच्या हातात बांगड्या चढवायला निघालो होतो. त्याचं उत्तर प्रामाणिक आहे, आणि हो म्हणून ड्रॉवरमध्ये टाकण्यापेक्षा ते देवाला जास्त आवडलं असेल. टाक सध्या आमच्याच नव्या देवघरात आहेत. पुढे काय, ते ठरलेलं नाही. मी जाईपर्यंत ठरेल अशी आशा आहे, नाही ठरलं तर त्यांची काळजी ते स्वतः घेतील.

मे महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी किल्ल्या द्यायच्या होत्या. घर रिकामं झाल्यावर आवाज घुमतो, आपण चाललो तरी कोणीतरी मागून येतंय असं वाटतं. आईच्या खोलीत कार्पेटवर पलंगाच्या चार पायांचे ठसे राहिले होते. सौ.ने देवघराच्या रिकाम्या कोनाड्यात समई लावली, दारांना हळदकुंकू लावलं, उंबऱ्यावर दही-पोहे ठेवले. मी अक्षता टाकल्या. या घरात मुलं मोठी झाली, याच घरात आईने डोळे मिटले, आणि घराने कधी तक्रार केली नाही, असं काहीतरी पुटपुटलो. कोणी ऐकत नव्हतं म्हणून बरं. घाई मात्र केली नाही. क्लोजिंगला वीस मिनिटं उशीर झाला.

निघताना तिने मागच्या अंगणातली, आई उन्हाळ्यात जिथे तुळशीची कुंडी ठेवायची तिथली मूठभर माती घेतली आणि आईच्या दह्याच्या डब्यात भरली. डबा मांडीवर घेऊन ती गाडीत बसली. मी दार ओढून घेतलं आणि सवयीने म्हटलं, "येतो."

ता.क. आपल्या उत्सवाच्या मखराचे तीन खोके आता माझ्याकडे राहू शकत नाहीत, हे कार्यकारिणीला कळवलं आहे. सध्या ते देवळाच्या भांडारात आहेत आणि तिथेही जागा नाही, असं भांडार सांभाळणाऱ्या ताई म्हणतात. ज्यांचं बेसमेंट अजून मोठं आहे आणि जिना रुंद आहे, त्यांनी आरतीनंतर मला भेटावं.